ओट्यावरचा एक लाईट पॉइंट : घरातलं वायरिंग पहिल्यांदाच समजून घेणाऱ्यांसाठी

नेरुळला आमचं घर सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, आणि किचनमध्ये लाईट म्हणजे एकच ट्यूब, ती पण ओट्यासमोर उभं राहिलं की बरोब्बर पाठीमागे. म्हणजे कोथिंबीर निवडायला घ्या नाहीतर कांदा चिरायला, आपलीच सावली आपल्या हातावर. अशी तीन-चार वर्षं काढली आणि मग एकदाचं ठरवलं की ओट्याच्या वर एक पॉइंट काढायचाच. त्या एका पॉइंटच्या निमित्ताने मी जे शिकले ते इथे लिहितेय. मी वायरमन नाही, इंजिनियर तर अजिबात नाही, त्यामुळे माझ्यासारख्याच शून्यातून सुरू करणाऱ्यांसाठी हे आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. बल्ब, पंखा, स्विच, फ्यूज, होल्डर हे जसंच्या तसं बदलणं घरच्या माणसाने केलं तर कायद्याने चालतं. पण नवा पॉइंट काढणं, सर्किट वाढवणं, डीबीत (घरातल्या सगळ्या सर्किटांची बटनं असलेल्या डब्यात) हात घालणं ही परवानाधारक वायरमनची कामं आहेत. म्हणून मी असं केलं की आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं येणाऱ्या वायरमन काकांना आधी बोलावलं, रस्ता ठरवून घेतला, केसिंग-पट्टी (वायर आत झाकायची प्लॅस्टिकची पट्टी) मारणं आणि वायर टाकणं मी केलं आणि बोर्डातलं कनेक्शन त्यांनी. काका हसले, "ताई, मग माझी मजुरी अर्धी का?" अर्धी नाही दिली अर्थात.

लाईटचं सर्किट म्हणजे नक्की काय

घरात तीन वायरी येतात. फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (तो परत नेणारी) आणि अर्थ (करंट भलतीकडे गळला तर तो जमिनीत नेणारी). फेज लाल (थ्री फेज असेल तर पिवळी आणि निळी पण), न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी किंवा हिरव्यावर पिवळी रेघ. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. आता लाईटसाठी एवढंच लक्षात ठेवायचं : फेज स्विचमधून जाते, न्यूट्रल सरळ दिव्याकडे जाते. डीबीतून फेज बोर्डात येते, स्विचच्या एका टोकाला लागते, स्विचच्या दुसऱ्या टोकातून जी वायर दिव्याकडे निघते तिला वायरमन लोक "हाफ वायर" म्हणतात, म्हणजे बटन चालू असेल तरच तिच्यात करंट. न्यूट्रलला बटनाचं काही देणंघेणं नाही, ती कायम दिव्याला जोडलेली.

हे उलटं केलं, म्हणजे स्विच न्यूट्रलवर लावला, तरी दिवा लागतो आणि विझतो, म्हणून बघणाऱ्याला काही कळतच नाही. पण बटन बंद असताना पण होल्डरपर्यंत फेज पोचलेली असते आणि तुम्ही "बटन बंद आहे ना" म्हणून स्टुलावर चढून बल्ब काढायला हात घालता. आमच्या पॅसेजमधला एलईडी रात्री बंद केल्यावर पण मिणमिणायचा, काजव्यासारखा, आम्ही कितीतरी दिवस बल्बलाच नावं ठेवली, दोन बल्ब बदलले सुद्धा. काकांनी बोर्ड उघडून बघितलं तर स्विचवर काळी वायर. घराच्या आधीच्या मालकांनी कोणाकडून तरी करून घेतलेलं. प्रत्येक मिणमिणणारा एलईडी म्हणजे हेच कारण असं नाही हां, स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असेल तरी किंवा हाफ वायर लांबवर दुसऱ्या फेज वायरीला चिकटून गेली असेल तरी असं होतं, पण आधी हेच तपासायचं.

जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नका. ज्या रंगाचं बंडल हातात होतं ते टाकून मोकळे झालेले लोक भरपूर आहेत. आमच्याकडे एका बोर्डात तिन्ही वायरी लाल निघाल्या.

डीबी उघडा आणि नुसतं बघा

दाराच्या वर किंवा पॅसेजमध्ये जो डबा असतो तो डीबी. त्यातलं एकेक बटन म्हणजे एमसीबी, एकेक सर्किटची. लाईट-पंख्याची साधारण ६ किंवा १० अँपिअरची असते, गिझर, एसी, मायक्रोवेव्हच्या पॉइंटची १६, २० वगैरे. एक माणूस किचनमध्ये उभा करा, एक डीबीपाशी, एकेक एमसीबी पाडा आणि काय काय बंद झालं ते कागदावर लिहा. अर्धा तास जातो, घरातले वैतागतात, वायफाय गेलं म्हणून आतल्या खोलीतून आरडाओरडा होतो, पण हे केल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

एमसीबी कशासाठी असते हा प्रश्न मी दहा जणांना विचारला, सगळे म्हणाले शॉक बसू नये म्हणून. नाही. एमसीबी वायर वाचवायला असते. वायर जेवढा करंट झेपवू शकते त्याच्या वर गेला किंवा शॉर्ट झालं तर ती पडते, म्हणजे भिंतीतली वायर तापून पेटत नाही. माणसाचा जीव जायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पण पुरतात, ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता पण लागत नाही. माणसासाठी आरसीसीबी असते, ३० मिलिअँपिअरची, तिच्यावर टी लिहिलेलं छोटं बटन असतं. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का हे ती सतत बघते, कमी आला म्हणजे कुठेतरी दुसऱ्याच रस्त्याने, कदाचित तुमच्या अंगातून जमिनीत गेला, की ती पडते. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर ती पण वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशोबाने तुम्ही म्हणजे एक बल्बच. तुमच्या डीबीत आरसीसीबी नसेल तर लाईटचा पॉइंट राहू दे, आधी ती बसवून घ्या. असेल तर टी दाबून बघा, खटकन पडली पाहिजे.

आता हिशोब. ६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. ९ वॅटचा एलईडी बल्ब, २० वॅटची एलईडी ट्यूब, साधा पंखा ७५ च्या आसपास. आपल्याकडे लाईट-पंख्याच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा धरतात. म्हणजे ओट्यावरच्या १० वॅटच्या एलईडी पट्टीने काही बिघडत नाही, फक्त ती लाईटच्या सर्किटवरूनच घ्यायची. इथे बहुतेक जण चुकतात. ओट्याजवळ मिक्सरसाठी जो मोठा सॉकेट असतो त्याला २० ची एमसीबी आणि जाड वायर, आणि तो अगदी हाताशी असतो म्हणून तिथूनच बारीक वायर काढून लाईट देतात. आता उद्या त्या बारीक वायरीवर लोड आला तर ती तापेल, आणि एमसीबी तिची नाहीच, ती जाड वायरीच्या हिशोबाने बसवलेली, ती आरामात बघत बसणार.

सामान

लाईटला दीडची वायर, म्हणजे दीड स्क्वेअर एमएम तांब्याची. साध्या सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार. जुने दुकानदार अजून "तीन-बावीस", "सात-वीस" असं बोलतात, त्याचा अर्थ २२ गेजच्या तीन तारा, २० गेजच्या सात तारा, घाबरू नका, सरळ एमएममध्ये मागा. पूर्ण बंडल ९० मीटरचं येतं, एका पॉइंटला एवढी कोण घेतंय, त्यामुळे मीटरने कापून मागा आणि वायरीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ (वायरीच्या मानकाचा नंबर) छापलंय का ते वाचून घ्या. शक्यतो एफआरएलएस घ्या, आग लागलीच तर धूर कमी होतो. लाल, काळी, हिरवी तिन्ही घ्या, एकाच रंगात भागवू नका, पाच वर्षांनी बोर्ड उघडणारा माणूस तुम्हाला शिव्या देणार नाही.

बाकी पाऊण इंची केसिंग-पट्टी, रावळ प्लग, स्क्रू, ६ अँपिअरचा स्विच, एलईडी पट्टी, कनेक्टर, टेस्टर, वायर सोलायचा स्ट्रिपर. मल्टिमीटर असेल तर उत्तम. वाशीत, नेरुळमध्ये, ठाण्यात स्टेशनच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात हे मिळतं. पूर्ण घराचं सामान असेल तर हार्बर पकडून सीएसएमटीला उतरा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे लोहार चाळीत जा, एका पॉइंटसाठी तिकडे जाणं म्हणजे वेळ आणि घाम फुकट.

हात लावायच्या आधी

हा भाग मी लांबवणार आहे कारण मला स्वतःला करंट लागलाय.

एका रविवारी बेडरूमचा स्विच बदलायला घेतला, मेन पाडला, सगळं कसं शांत, बोर्ड उघडला, स्क्रू ढिला केला आणि वायर बाजूला करायला बोट लावलं. मनगटापासून कोपरापर्यंत असा काही झटका बसला की पेचकस पलंगाखाली जाऊन पडला. काय झालं होतं? इन्व्हर्टर. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरला वाटलं लाईट गेली, त्याने इमानदारीत आपलं काम सुरू केलं, बेडरूमचं बटन बंद होतं म्हणून मला काही दिसलं नाही, पण स्विचच्या फेजच्या टोकाला त्याचे २३० व्होल्ट आलेले होतेच. आणि टेस्टर खिशात होता! खिशात. तर घरात इन्व्हर्टर असेल तर मेन किंवा त्या सर्किटच्या एमसीबीसोबत तो पण त्याच्या बटनाने बंद करायचा, आणि एवढं करून पण तपासायचंच.

तपासायची पद्धत अशी. घरातलं दुसरं कुठलं तरी सर्किट चालू ठेवा, त्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो पेटतोय का बघा. मग ज्या बोर्डावर काम करायचंय तिथल्या प्रत्येक, परत सांगते प्रत्येक, स्क्रूला लावा. मग पुन्हा चालू सॉकेटला लावून टेस्टर अजून जिवंत आहे का बघा. तिसरी पायरी लोक खातात. टेस्टरमधला निऑन मधेच मेला तर सगळं घर "बंद" दिसतं. त्यात तुम्ही सुक्या लाकडी स्टुलावर जाड चप्पल घालून उभे असाल तर निऑन इतका मंद पेटतो की उजेडात दिसत पण नाही. मल्टिमीटर असला तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा.

सगळे स्क्रू का? कारण एका बोर्डात कधी कधी दोन फेज असतात, एक लाईट सर्किटची, एक पॉवरची, किंवा एक महावितरणची आणि एक इन्व्हर्टरची. एक एमसीबी पाडली तरी दुसरी जिवंत. आणि या दोन फेज चुकून सुद्धा एकमेकींना जोडायच्या नाहीत, इन्व्हर्टर जळतो.

पाडलेल्या एमसीबीवर टेप लावून "काम चालू" लिहा. सासूबाई, मुलं, कामवाल्या ताई, कोणी पण येऊन चांगल्या मनाने ती वर करतं. एकट्याने काम करू नका. कोणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढायचं नाही, आधी मेन बंद, ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने बाजूला करायचं, आणि १०८.

प्रत्यक्ष काम

आधी भिंतीवर पेन्सिलने रस्ता आखा. वायर नेहमी सरळ उभी किंवा सरळ आडवी, तिरपी कधीच नाही, कारण पुढे भिंतीला खिळा मारणारा माणूस बोर्डाच्या सरळ वर आणि बाजूला वायर असेल असं धरून चालतो. शेगडीच्या अगदी वरून पट्टी नेऊ नका, वाफ आणि तेल. ड्रिल करायच्या आधी भिंतीत आधीची वायर किंवा पाण्याचा पाईप कुठून गेलाय याचा अंदाज घ्या, बोर्डाच्या आणि नळाच्या रेषेत ड्रिल नको.

पट्टीचा खालचा भाग फूट-दीड फुटावर एक स्क्रू असा ठोका. मी पहिल्यांदा तीन फुटांवर एक मारला आणि दोन दिवसांत मधे पोट सुटलं. कोपऱ्यात ४५ अंशात कापलं तर छान बसतं, नाहीतर तयार कोपरे मिळतात. मग तिन्ही वायरी टाका आणि दोन्ही टोकांना वीतभर जास्त ठेवा. मधे जोड द्यायचा नाही. वायर कमी पडली तर परत दुकानात जा, टेप गुंडाळून पट्टीत लपवलेला जोड हा दोन पावसाळ्यांनी तोंड वर काढतो.

नवा स्विच कुठे? त्याच बोर्डात रिकामी जागा असेल तर देवच पावला. बोर्ड उघडल्यावर एक गोष्ट बघा, तिथे न्यूट्रल आहे का. नुसत्या स्विचच्या बोर्डात कित्येकदा फेज आणि हाफ वायरीच असतात, न्यूट्रल वरच्यावर जंक्शन बॉक्समधून दिव्याला गेलेली असते. ज्या बोर्डात लाईट सर्किटचा छोटा सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, म्हणून असा बोर्ड निवडा. न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थलाच न्यूट्रल करणारे महाभाग आहेत, दिवा लागतो पण, आणि मग आरसीसीबी पडते, आणि मग ते आरसीसीबीच काढून टाकतात! कपाळ.

इथून पुढचं बोर्डातलं काकांनी केलं आणि मी बाजूला उभं राहून बघितलं, तुम्ही पण बघा. जुन्या स्विचच्या फेजच्या टोकातून एक लहान लाल तुकडा नव्या स्विचला, हा लूप. मॉड्युलर स्विचवर फेजच्या टोकाला एल लिहिलेलं असतं. दुसऱ्या टोकाला आपली नवी लाल वायर, ती झाली हाफ. काळी सॉकेटच्या न्यूट्रलला, हिरवी अर्थला. वायर साधारण ८ ते १० मिलिमीटरच सोलायची, तारा पिळायच्या, बारीक असतील तर दुमडून आत घालायच्या, एक तार पण बाहेर राहायला नको, आणि स्क्रूखाली तांबं दाबलं पाहिजे, प्लॅस्टिक नाही. मग प्रत्येक वायर धरून ओढून बघायची. काकांनी मलाच ओढायला लावली. एक निघाली. त्यांचीच होती, मी काही बोलले नाही.

दिव्याच्या टोकाला काम सोपं. एलईडी पट्टीला फेज-न्यूट्रल जोडा कनेक्टरने. बॉडी धातूची असेल आणि हिरवी वायर दिलेली असेल तर अर्थ जोडायचाच. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर अर्थ लागत नाही, पण हिरवी वायर तिथपर्यंत नेऊन टोक बंद करून ठेवा, उद्या कोणी धातूचा दिवा लावेल. स्क्रूवाला होल्डर असेल तर हाफ वायर मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना, कारण बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागतं.

एमसीबी वर करायच्या आधी, दिवा अजून न जोडता, कनेक्टरमध्ये नुसती टोकं धरलेली असताना, मल्टिमीटरने हाफ आणि काळी यांच्यात कंटिन्यूइटी (दोन्ही आतून कुठे जोडल्या गेल्यात का ते) बघा, बटन चालू करून आणि बंद करून. पीं वाजलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. नाही वाजलं तर लाईन चालू करा, लांबूनच टेस्टरने बघा : हाफ बटनाबरोबर पेटते-विझते, काळी कधीच पेटत नाही. मग परत सगळं बंद, परत तपासा, दिवा जोडा.

नंतर येणाऱ्या भानगडी

दिवा फडफडतो म्हणजे बहुतेक वेळा स्क्रू ढिला. स्विच गरम लागतो किंवा बोर्डातून चर्र आवाज येतो, तर तो तसाच वापरत राहू नका, त्याच दिवशी बंद करून बघा. नवा पॉइंट चालू केला की आरसीसीबी पडते आणि बाकी वेळी पडत नाही, तर बहुतेक फेज एका आरसीसीबीखालची आणि न्यूट्रल दुसरीकडची घेतली गेलीय, हे दोन आरसीसीबी असलेल्या घरात हमखास होतं.

जुन्या इमारतीत बोर्ड उघडल्यावर पांढुरकी मऊ तार दिसली तर ती ॲल्युमिनियमची. तिला तांब्याची वायर पिळून जोडायची नाही, दोन धातू एकमेकांना खातात, जोड ढिला होतो आणि तापतो. असं दिसलं की झाकण लावा आणि वायरमनला बोलवा.

आणि पावसाळा. खाडीची खारी हवा आणि वरच्या मजल्यावरचं लीकेज मिळून टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखं जमतं. भिंत ओली झालीय आणि बोर्ड हाताला गार, ओलसर लागतोय तर ते सर्किट पाडूनच ठेवा. दरवर्षी जूनच्या आधी मी चार बोर्ड उघडते, सगळं बंद करून, स्क्रू आवळते, पाली आणि मुंग्यांचं घर काढते. डीबीच्या झाकणाच्या आत तो अर्ध्या तासात बनवलेला कागद चिकटवलाय, त्यात आता खाली निळ्या पेनाने "ओटा" एवढं वाढलंय.